एकांकिकेसाठी मदत हवी: नाझींच्या ताब्यातलं ॲमस्टरडॅम, ज्यू आणि समलिंगी माणसं

विंगेतला:

नमस्कार. मी परळचा. आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, कॉलेज संपलं तरी नाटक सुटलेलं नाही. डिसेंबरातल्या एकांकिका स्पर्धेसाठी संहिता लिहितोय. काळ १९४३, जागा हॉलंड. वेस्टरबोर्कच्या छावणीत एकाच बरॅकमध्ये दोघं भेटतात. एक ज्यू डॉक्टर, छातीवर पिवळा तारा. दुसरा समलिंगी चित्रकार, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ॲमस्टरडॅममधून उचललेला, छातीवर गुलाबी त्रिकोण. आधी बोलत नाहीत, मग बोलतात, शेवटी एकाच गाडीत चढतात. शेवटचं वाक्य, "तुझं आणि माझं दुःख एकच."

काल वाचन झालं. सगळ्यांना आवडलं, पण दिग्दर्शिकेने विचारलं, "हे असं झालं होतं, की तुला हवंय म्हणून झालं?" मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः समलिंगी आहे, त्यामुळे यात खोटं काही जायला नको असं फार वाटतं. हॉलंडमध्ये समलिंगी पुरुषांना असं धरून छावणीत पाठवायचे का? गुलाबी त्रिकोण तिथे होता का? आणि विलेम आरोंडेउस या चित्रकाराचं नाव कुठेतरी वाचलंय, तो नक्की कोण? सोमवारपासून तालीम आहे.

माझगावची:

अरे-तुरे करते, चालेल ना? मी सत्तरीला टेकलेय. तुझ्या दिग्दर्शिकेला माझा नमस्कार सांग, नेमका प्रश्न विचारलाय तिने.

आधी मी कोण ते सांगते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंपैकी. आजोबा अलिबागकडचे, तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. लग्नाआधी मी मांडवीला जुन्या मशिदीजवळ राहायचे. सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात. नोकरी ३१ वर्षं, त्यातली २२ एका वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. माझा भाचा ॲमस्टरडॅमला नोकरीला आहे. २०१७ मध्ये त्याच्याकडे आणि त्याच्या जोडीदाराकडे दीड महिना राहून आले. (आल्यावर पहिली दोन वर्षं मी जिन्यावर "मित्रासोबत राहतो" असं सांगायचे. आता जोडीदार म्हणते.) घर प्लांताज भागाजवळ होतं. ज्या इमारतीबद्दल सांगणार आहे, तिच्यावरून मी रोज सकाळी चालत जायचे.

आता तुझी संहिता. वेस्टरबोर्क ही ज्यूंना गोळा करून पूर्वेकडे रवाना करायची छावणी होती. जुलै १९४२ पासून तिथून गाड्या सुटू लागल्या, बहुतेक आउशवित्झ आणि सोबिबोरच्या मृत्युछावण्यांना. एखाद्या डच माणसाला केवळ तो समलिंगी आहे म्हणून तिथे आणून ठेवलं, असं दाखवलंस तर ते चुकेल.

याचा अर्थ समलिंगींना मोकळं सोडलं होतं असा नाही. १८११ मध्ये फ्रेंचांचा कायदा लागू झाला तेव्हापासून हॉलंडमध्ये दोन प्रौढ पुरुषांचं नातं गुन्हा नव्हतं. १९११ मध्ये एक कलम आलं, जोडीदार २१ वर्षांखालचा असला तर शिक्षा. १० मे १९४० ला जर्मन सैन्य घुसलं, पाच दिवसांत देश पडला, आणि ३१ जुलैला जर्मनांनी देशाचा कारभारी म्हणून बसवलेल्या झाइस-इनक्वार्टने ८१ क्रमांकाचा हुकूम काढला. वय काहीही असो, पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवले तर चार वर्षांपर्यंत कैद. बायका त्या हुकुमात नव्हत्या. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जो गुन्हा नव्हता, तो एका कागदाने झाला. माणसं पकडली गेली, खटले झाले, कित्येकांनी भीतीने स्वतःला मिटून घेतलं. पण वस्त्या पिंजून, गाड्या भरभरून समलिंगींना छावण्यांत नेण्याची मोहीम हॉलंडमध्ये झाली नाही. ती जर्मनीत झाली. तिथलं समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये कडक केलं. त्यांच्या राजवटीत सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली, सुमारे ५०,००० दोषी ठरले, आणि पाच ते पंधरा हजार छावण्यांत गेले. गुलाबी त्रिकोण त्यांच्या छातीवर होता. जर्मन वंशाच्या पुरुषाने पोरं जन्माला घालायची, हा त्यांचा हिशोब. डच पुरुषांबद्दल तेवढी घाई नव्हती.

आणि दुसरं, समलिंगींची घराघरातली, नावानिशी यादी त्यांच्या हातात नव्हती. पोलिसांच्या दप्तरात काही नावं असतील. पण हेगमध्ये याकोब स्खोरर नावाचा वकील होता. १९१२ पासून तो समलिंगींच्या हक्कांची संघटना आपल्या घरातून चालवायचा. जर्मन आल्याबरोबर त्याने संघटनेचे कागद नष्ट केले. त्याची पुस्तकं जर्मनांनी उचलून नेली, पण नावं त्यांना मिळाली नाहीत.

ज्यूंची नावं मिळाली. हे वाचताना मी ज्यू आहे हे विसरले, नोंदणीतली कारकून म्हणून वाचत राहिले. डच नोंदणी फार चोख होती, आणि माणसाचा धर्म तिच्यात आधीपासून लिहिलेला असायचा. कुणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, फॉर्मवर रकाना होता म्हणून भरला. मग जानेवारी १९४१ मध्ये हुकूम निघाला की ज्याचा एक जरी आजा किंवा आजी ज्यू असेल त्याने वेगळी नोंद करायची. सुमारे १,६०,००० लोकांनी केली, जवळजवळ सगळ्यांनी. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. माझ्या टेबलासमोर उभा राहिलेला माणूस वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली तरी स्वतः दुरुस्त करून द्यायचा. सरकारी कागद खरा असावा, असं साध्या माणसाला मनापासून वाटतं.

त्यावर आलं ओळखपत्र. याकोब लेंट्स नावाचा नोंदणी खात्याचा अधिकारी होता. युद्धाआधी त्याने ओळखपत्राची कल्पना मांडली तेव्हा त्याच्याच सरकारने ती नाकारली होती. जर्मनांनी ती उचलून धरली. फोटो, बोटाचा ठसा, नक्कल करायला महाकठीण कागद. ज्यूंच्या कार्डावर मोठं 'जे' (J) अक्षर. बनावट कार्ड केलं तरी पोलिस नोंदणी कार्यालयातल्या मूळ कार्डाशी ताडून बघू शकत. म्हणजे खोटं पकडलं जायचं ते कपाटातल्या खऱ्यामुळे. हॉलंडमध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. १,०७,००० पाठवले गेले. परत आले साधारण ५,०००.

आता तुझा आरोंडेउस. जन्म १८९४. समलिंगी असण्यावरून घरात खटके उडाले आणि कोवळ्या वयात त्याने घर सोडलं. १९२३ मध्ये रॉटरडॅमच्या नगरभवनासाठी भित्तिचित्र काढलं, पण पैसा कधी टिकला नाही. युद्धात बनावट कागदपत्रं करणाऱ्या कलावंतांत सामील झाला. शिल्पकार खेरित फान देर फेन, चेलोवादक फ्रीडा बेलिनफांटे, शिंपी श्यूर्ड बाकर, असे सगळे. त्यांच्या लक्षात आलं की बनावट कार्डं कितीही केली तरी कपाटातलं खरं कार्ड आहे तोवर उपयोग नाही.

२७ मार्च १९४३, शनिवार, रात्र. आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, अंधार पडल्यावर सुटतो, म्हणून ती वेळ माझ्या मनात रुतून बसलीय. प्लांताज केर्कलान ३६, म्हणजे ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय, प्राणिसंग्रहालयाला लागून. बाकरने शिवलेले पोलिसांचे गणवेश घालून ते दारावर गेले. रखवालदारांना मारायचं नाही असं आधीच ठरलं होतं. सोबतच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं आणि उचलून प्राणिसंग्रहालयाच्या बागेत नेऊन ठेवलं. मग आत जाऊन कपाटांचे खण उपसले, कार्डांचे ढीग केले, इंधन ओतलं, स्फोटकं लावली. निघताना ६०० कोरी ओळखपत्रं घेऊन गेले.

सगळं जळालं नाही. साधारण १५ टक्के गेलं. काही दिवसांतच कुणीतरी नावं फोडली. १ जुलै १९४३ ला बारा जणांना गोळ्या घातल्या, त्यात आरोंडेउस आणि बाकर होते. हे दोघंही समलिंगी. मरण्याआधी आरोंडेउसने लाऊ माझिरेल या वकील मैत्रिणीकडे निरोप ठेवला की समलिंगी माणसं भेकड नसतात, हे लोकांना कळू दे.

युद्धानंतर या हल्ल्याची गोष्ट सांगितली जायची ती बहुतेक फान देर फेनच्या नावाने. तोही मोठाच माणूस, १९४४ मध्ये त्यालाही मारलं. पण आरोंडेउसला डच सरकारचा मान मिळायला १९८४ उजाडलं, १९८६ मध्ये याद वाशेमने, म्हणजे ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या संस्थेने, त्याची नोंद घेतली. आता त्या भिंतीवर सगळ्यांच्या नावांची पाटी आहे. समोरच्या बाजूला प्रतिकाराचं संग्रहालय आहे. शाळेची पोरं डबा खात बाहेर बसलेली असायची.

"दुःख एकच" हे वाक्य काढ, बाळा. एकच नव्हतं. ज्याचं कार्ड त्या खणात 'जे' अक्षर घेऊन बसलं होतं तो कुठेही लपला तरी ते कार्ड त्याच्या मागे यायचं. आरोंडेउस गप्प बसला असता तर बहुधा वाचला असता. त्याचं कार्ड कोरं होतं. दुसऱ्याचं कार्ड जाळायला तो गेला. मला विचारशील तर नाटक इथे आहे.

चिंचपोकळीचा:

मावशी, तुमचं तीनदा वाचलं. त्या "पोलिसांच्या दप्तरात काही नावं असतील" या वाक्याला धरून थोडं सांगतो.

विंगेतला, पिएर सेल हे नाव शोध. अल्सास प्रांतातल्या मुलूझचा मुलगा, जन्म १९२३. फ्रान्समध्ये समलिंगी असणं १७९१ पासून गुन्हा नव्हता, हे लक्षात ठेव. सतराएक वर्षांचा असताना, समलिंगी पुरुष जमायचे त्या चौकात त्याचं घड्याळ चोरीला गेलं. हा सरळ पोलिस चौकीत तक्रार द्यायला गेला. घड्याळ कुठे गेलं हे विचारताना त्याचं नाव पोलिसांच्या समलिंगींच्या यादीत चढलं. कायदा नव्हता, यादी होती. १९४० मध्ये जर्मनीने अल्सास गिळला, यादी गेस्टापोच्या हाती गेली, आणि मे १९४१ मध्ये त्याला बोलावणं आलं. शिर्मेकच्या छावणीत सहा महिने. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या प्रियकरावर कुत्रे सोडून त्याला मारलं. पुढे सेलला सोडलं आणि जबरदस्तीने जर्मन सैन्यात घातलं. तो १९८२ पर्यंत गप्प राहिला. तुझ्या वेशभूषेसाठी सांगतो, शिर्मेकमध्ये त्याच्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण नव्हता, निळी पट्टी होती.

घड्याळाची गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. २००४ ची गोष्ट. एका स्टेशनबाहेर रात्री साडेदहाला मला आणि माझ्या मित्राला दोघांनी अडवलं. साध्या कपड्यांत होते, पोलिस आहोत म्हणाले. खिशातून एक छोटी डायरी काढली, नाव, पत्ता, ऑफिसचा फोन लिहून घेतला. ३७७ माहितीये ना, म्हणाले. पाकिटात होते नव्हते ते ११०० रुपये घेतले आणि लोकलने जायला वीस परत दिले. ते खरे पोलिस होते की नाही, आजही सांगता येणार नाही. पैसे विसरलो. डायरी विसरलो नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, आणि घरी येताना गाडीत उभ्या उभ्या पहिला विचार आला की ती डायरी आता कुठे असेल.

जर्मनीत नाझींनी कडक केलेलं ते १७५ कलम युद्धानंतरही पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत तसंच राहिलं, हेही कुठेतरी घाल. ज्यांच्या छातीवर गुलाबी त्रिकोण होता त्यातल्या काहींना छावणीतून काढून थेट तुरुंगात पाठवलं, उरलेली शिक्षा भोगायला.

सडेतोड:

माहिती चांगली आहे, पण मला एक पटत नाही. साठ लाख ज्यू मारले गेले. तो वंशच संपवायचा डाव होता. त्या गोष्टीत समलिंगींचा विषय आणला की मूळ गोष्ट पातळ होते. एकांकिका चाळीस मिनिटांची असते. एकच विषय धरा आणि नीट सांगा.

माझगावची:

सडेतोड, तुमची काळजी मला कळते, आणि ती माझ्या बाजूने आहे हेही कळतं. म्हणून तर मी "दुःख एकच" काढायला सांगितलं. आकडे वेगळे ठेवावेत, हेतू वेगळे ठेवावेत. संपवायचं होतं ते ज्यूंना, बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत.

पण ही माणसं गोष्टीत कुणी आणून बसवलेली नाहीत. ती आधीपासून तिथेच होती. फ्रीडा बेलिनफांटेचंच बघा. वडील ज्यू, आई ज्यू नव्हे. स्वतः बायकांवर प्रेम करणारी. स्वतःचं वाद्यवृंद चालवणारी बाई, जर्मन आल्यावर तिने तो मोडला. चेलो विकून ते पैसे या कामात घातले. हल्ल्याच्या आखणीत ती होती, त्या रात्री मात्र बाई म्हणून तिला नेलं नाही. पकडापकडी सुरू झाली तेव्हा केस कापून, पुरुषाचे कपडे घालून ती तीन महिने ॲमस्टरडॅममध्येच वावरली. रस्त्यात सख्खी आई शेजारून गेली आणि तिने ओळखलं नाही. पुढे डोंगर ओलांडून स्वित्झर्लंड गाठलं, मग अमेरिका, १९९५ मध्ये वारली. आता सांगा, तिची गोष्ट कुठल्या विषयात ठेवू? तिचं कुठलं अर्ध काढू?

आणखी एक सांगते. जानेवारी १९९३ च्या दंगलीत आमच्या बिल्डिंगीत लोकांनी दारावरच्या नावाच्या पाट्या काढल्या. स्क्रूड्रायव्हर एकच होता, तो मजल्यामजल्यावर फिरत होता. आम्हीही काढली. आमचं आडनाव 'कर'ने संपतं, पण वडिलांचं नाव बायबलमधलं, वाचणाऱ्याला मुसलमानी वाटायचं. चौकटीवरचा मझुझा, म्हणजे ज्यूंच्या दारावर असते ती प्रार्थनेची छोटी डबी, मात्र आईने काढू दिला नाही. रात्री खालच्या मजल्यावरचे बापट काका येऊन आमच्या दारात खुर्ची टाकून बसले. तीन रात्री बसले. त्यांच्या नावाला काही धोका नव्हता. आरोंडेउसबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती खुर्ची आठवली.

सडेतोड:

मावशी, तुमचं पटलं. वाद्यवृंदवाल्या बाईंबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

विंगेतला:

सगळ्यांचे आभार, मनापासून. दिग्दर्शिकेला हा धागा दाखवला. वेस्टरबोर्क गेलं, बरॅक गेली, गुलाबी त्रिकोणही गेला. (तो काढताना हात थरथरला, कारण माझ्या बॅगेवर त्याचा बिल्ला आहे.) आता पडदा उघडतो तो २७ मार्चच्या संध्याकाळी, बाकरच्या शिवणयंत्राच्या आवाजावर. ज्यू डॉक्टर स्टेजवर येतच नाही. त्याचं फक्त कार्ड आहे, आणि आरोंडेउस ते जाळण्याआधी एकदा वाचतो. चिंचपोकळीचे दादा, तुमची डायरी वापरू का? नाव, वर्ष, स्टेशन काही येणार नाही.

मावशी, एक अडचण. शेवटी आग दाखवायचीय. नाट्यगृहात काडीसुद्धा पेटवू देत नाहीत. लाल दिव्याने खोटं वाटतं. आणि इतकी कार्डं ओतून इंधन टाकून आग लावली, तरी १५ टक्केच कशी जळाली, हे प्रेक्षक विचारतील.

चिंचपोकळीचा:

वापर. वीस रुपये परत दिले होते, तेही घाल.

माझगावची:

याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागत नाही. आमच्या रेकॉर्ड रूमला एकदा शॉर्टसर्किटने आग लागली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आत गेले. मला वाटलं राख असेल. रजिस्टरं कडेने काळी झाली होती, बोटभर आत गेलं की पान पांढरं आणि अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कागद दाबून बसवला की आत हवा जात नाही, गठ्ठा जळत नाही. ॲमस्टरडॅमच्या त्या मंडळींना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी खण उपसून कार्डं जमिनीवर मोकळी केली. पण काही लाख कार्डं एका रात्रीत मोकळी करायला हात किती लागतील, विचार कर.

आमचं जे खरोखर गेलं ते पाण्याने. बंबाचं पाणी जिथे पडलं तिथे शाई पसरली, पानं एकमेकांना चिकटली, लगदा झाला. तीन वर्षांचे जन्म कायमचे गेले. अजून लोक दाखल्यासाठी येतात आणि त्यांना शाळेचा दाखला आणायला सांगावं लागतं.

आणि त्या रात्री ॲमस्टरडॅमच्या अग्निशामक दलाने हेच केलं. तिथे सहानुभूती असलेली माणसं होती. बातमी मिळूनही ते सावकाश आले, आणि आल्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं. आग विझल्यावरही मारत राहिले. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

तेव्हा आग दाखवूच नकोस. कार्डं जमिनीवर पडू दे आणि विंगेतून पाणी येऊ दे. नाट्यगृहवाले पाण्यालाही कुरकुरतील, पण खाली ताडपत्री घातलीस तर ऐकतील. माझ्याकडे जुनी कोरी इंडेक्स कार्डं आहेत, निवृत्त होताना रद्दीत निघाली होती ती उचलली, चारएकशे असतील. मंगळवारी संध्याकाळी दादरला येणारच आहे, कबुतरखान्याजवळ उभी राहीन. शाईच्या पेनाने भरा, बॉलपेनाने नको, बॉलपेन पाण्यात पसरत नाही.